एक उना

माझी बायको प्रतिभा गेली त्याला चार महिने झाले. इंद्रसिंग वसावे कसा मेला हे माझ्याशिवाय फक्त तिलाच माहीत होतं. आता ते मला एकट्यालाच माहीत आहे, आणि इंद्रसिंगचा बाप रेवजी दर बाजाराला माझ्या घरी येतो.

माझं घर खापरला, बाजाराच्या रस्त्यावर. रेवजी काठी गावाच्या पुढच्या एका पाड्यावर राहतो. आमचूर, डिंक, चारोळी, जे असेल ते गाठोड्यात बांधून बाजारात आणतो आणि विकून झालं की माझ्या ओट्यावर बसून चहा पितो. प्रतिभासाठी तो नेहमी आमचुराची एक पुडी बाजूला ठेवायचा. ती गेल्यावरही त्यानं ते थांबवलं नाही. पुडी माझ्या हातात देतो. पाच वर्षांत त्यानं मला एकच प्रश्न तीन-चारदा विचारला. "इंद्याला त्रास झाला का रे?"

मी दर वेळी तेच सांगितलं. "नाही बाबा. लगेच गेला."

तो गेला की प्रतिभा आतून म्हणायची, "त्यास्ले सांगी द्या. मन्हा डोकावर ठेऊ नका हे." तिचं बरोबर होतं. मी होळी झाल्यावर सांगतो म्हणायचो. अशा पाच होळ्या गेल्या.

इंद्रसिंग आणि मी एकाच पलटणीत होतो. जिल्हा एक, तालुका एक, तरी फौजेत जाईपर्यंत आम्ही एकमेकांना पाहिलं नव्हतं. मी बाजारपेठेतला, अहिराणी बोलणारा. तो डोंगरातला, घरी भिली बोलणारा. मराठी तो आश्रमशाळेत शिकला होता, त्यामुळे त्याचं मराठी पुस्तकातल्यासारखं स्वच्छ. आमच्याकडे दुकानदार लोक डोंगरातल्या माणसाच्या बोलण्याला हसतात. चौकीवर उलटं झालं. तिथं तो मला हसायचा.

कारण माझ्या तोंडात ण नाही. पाण्याला मी पानी म्हणतो, लोण्याला लोनी. गुरुजींनी हातावर छड्या मारल्या, पण तो ण काही जिभेवर बसला नाही.

२०२० सालच्या जानेवारीत आम्ही काश्मीरमध्ये सीमेवरच्या एका चौकीवर होतो. नऊ माणसं. हवालदार जगदीश शिंदे साताऱ्याचे होते, त्यांच्या हाताखाली आम्ही आठ. समोरच्या डोंगरावर त्यांची चौकी. आठवड्यातून चार दिवस तिकडून गोळीबार व्हायचा, तीन दिवस आमच्याकडून. घरी फोन करायचा तर दीड तास उतरून खालच्या ठाण्यावर जावं लागायचं. तिथं रांग. प्रत्येकाला पाच मिनिटं.

एकदा मी प्रतिभाशी बोलत होतो. लाईन खराब होती, ओरडावं लागत होतं. माझा बाप सुरतेहून परत यायचा होता, म्हणून मी विचारलं, "आप्पा उनात का? मी म्हनस, आप्पा उनात का घर?"

रांगेत मागे इंद्रसिंग होता. फोन ठेवल्यावर त्यानं मला धरलं. "तुमच्यात आला म्हणजे उना?"

"हो. तो उना. त्या उनात."

"आणि उणा म्हणजे? कमी असतं ते?"

"ते उना."

"काय?"

"उना. एक कमी म्हनजे एक उना."

"म्हणजे एक आला तरी एक उना आणि एक गेला तरी एक उना." तो रस्त्यातच खाली बसला. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "पुन्हा म्हण. दोन्ही म्हण."

मी दोन्ही म्हटलं.

"लखन्या, तुझ्या घरी पाहुणे मोजायचं काम कुणाला देत नसतील."

बंकरमध्ये उंदीर फार होते. कांबळं कुरतडायचे, बुटांच्या नाड्या खायचे. इंद्रसिंग बेलच्यानं, खंदक खणायच्या छोट्या फावड्यानं, त्यांना मारायचा. त्या दिवसापासून एक मारला की तो माझ्याकडे बघून ओरडायचा, "एक उणा." ण वर जोर देऊन. मग बाकीचेही तसंच म्हणायला लागले. काही दिवसांनी समोरच्या चौकीवरचा एक माणूस आमच्या गोळीनं पडला, तेव्हा हवालदारसाहेबच वायरलेस सेटवर म्हणाले, "एक उणा." तो आमचा शब्द झाला. ठरवून कुणी केला नाही.

इंद्रसिंगची सुट्टी होळीसाठी मंजूर झाली होती. मूल व्हावं म्हणून त्यानं काठीच्या होळीचा नवस केला होता, पाच वर्षं नाचेन म्हणून. मुलगी झाली, रिना. तीन होळ्या नाचून झाल्या होत्या. नवस करणाऱ्याला आधीपासून पालनी करावी लागते. खाटेवर झोपायचं नाही, अंघोळ करायची नाही, बाईला हात लावायचा नाही. त्यानं पालनी चौकीवरच सुरू केली. फळीवरून उतरून जमिनीवर पोतं टाकून झोपायला लागला.

हवालदारसाहेब म्हणाले, "वसावे, इथं बाई कुठंय हात न लावायला?"

"नाही म्हणूनच सोपं आहे, साहेब."

"आणि अंघोळ?"

"ती तर आपण सगळ्यांनीच सोडली आहे. सगळ्या चौकीचा नवस फिटतोय."

चौकीसमोरच्या तारेला रिकामे डबे बांधायचं काम त्याचंच होतं. कुणी तारेला लागलं की डबे वाजतात. होळीला कमरेला घुंगरं बांधतात तसे तो ते जवळजवळ, एकाखाली एक बांधायचा. म्हणायचा, माझ्या हातचे डबे वाऱ्यानं वाजत नाहीत, माणसानंच वाजतात. घरची आठवण आली की तो बोलायचा नाही. डबे काढायचा आणि पुन्हा बांधायचा. मी प्रतिभाला पत्र लिहायचो, पाठवायचो नाही. लिहिलेलं वाचलं की लाज वाटायची. दिनेश नावाचा मालेगावचा जवान होता, तो झोपताना आईनं दिलेल्या मसाल्याच्या पुडीचा वास घ्यायचा. एवढंच. याहून जास्त कुणी काही दाखवायचं नाही.

इंद्रसिंग फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी निघणार होता. मुलीसाठी घेतलेला लाल स्वेटर त्यानं पिशवीत भरून ठेवला होता.

हल्ला गुरुवारी झाला.

सकाळचे साडेसात वाजले होते. धुकं होतं. चौकीच्या मधोमध बंकर, त्यात पाच जण. डाव्या बाजूला दगडांचा मोर्चा, तिथं हवालदारसाहेब आणि इंद्रसिंग मशीनगन घेऊन. उजव्या बाजूला नाल्याच्या तोंडावर दुसरा मोर्चा, तिथं मी आणि दिनेश. दोन मोर्चांमध्ये साठ पावलं उघडी जागा, सगळा बर्फ. दिनेश स्टोव्हवर चहा ठेवत होता. म्हणाला, "दूध संपलं. काळाच घे."

पहिला तोफगोळा मागे पडला. दुसरा बंकरच्या दारावर. दार, लाकडं आणि दगड एकदम खाली आले आणि पाच जण आत कोंडले गेले. तिसरा आमच्या मोर्चाच्या भिंतीवर पडला. मला कुणीतरी छातीवर लाथ मारल्यासारखं झालं आणि मी पडलो. उठलो तेव्हा कानांत काही ऐकू येत नव्हतं. दिनेश स्टोव्हजवळच बसला होता. त्याचा खालचा जबडा नव्हता. डोळे माझ्याकडे होते. तो हातानं तोंड शोधत होता. त्याला बोटांना काही लागत नव्हतं, म्हणून तो पुन्हा पुन्हा शोधत होता. मी त्याच्या गळ्यावर माझा मफलर दाबला. रक्त मफलरातून, माझ्या बोटांमधून खाली येत राहिलं. मिनिटभरात त्याचे हात खाली पडले. चहा सांडून बर्फात काळा डाग झाला होता.

कान हळूहळू उघडले. तेव्हा मला डबे ऐकू आले.

सेटवर इंद्रसिंग बोलला. "लखन्या. तारेजवळ तीन. तीन दिसतात."

मशीनगन सुरू झाली. धुक्यात माणूस नीट दिसत नव्हता, पण एक जण तार कापत असतानाच तारेवर वाकडा पडला आणि तिथंच अडकला. गोळ्या लागत होत्या तसा तो हलत होता आणि डबे वाजत होते.

"एक उणा," इंद्रसिंग म्हणाला.

दुसरा तारेखालून आत आला होता. तो माझ्या बाजूला सरपटत होता. हातात ग्रेनेड होता हे मला दिसलं. मी तीन गोळ्या मारल्या. तिसरी त्याला लागली. ग्रेनेड त्याच्या हातातच फुटला. त्याचा हात आणि खांदा उडून माझ्या भिंतीच्या अलीकडे पडला. बोटांवर लोकरीचा हातमोजा होता, घरी विणलेला, अंगठ्याला रफू केलेला.

मी सेटवर म्हणालो, "एक उना."

"शाब्बास," इंद्रसिंग म्हणाला.

आता एक उरला होता. तो आमच्यापैकी कुणालाच दिसत नव्हता. बंकरमधले पाच जण आतून दगडांवर ठोकत होते, ते ऐकू येत होतं. हवालदारसाहेब इंद्रसिंगला म्हणाले, मी जाऊन दार मोकळं करतो, तोवर तू बंदूक धर. ते वाकून पळाले. वीस पावलं गेले असतील. धुक्यातून फट फट आवाज आला आणि ते तोंडावर पडले. मांडीचं हाड मधूनच मोडलं होतं. पाय उलटा वळून पाठीकडे आला होता. ते ओरडले नाहीत. हातानं बर्फ खरवडत पुढे सरकायला बघत होते आणि जागचे हलत नव्हते. मागे लाल पट्टा होत होता.

"साहेब पडले," इंद्रसिंग सेटवर म्हणाला. "मी त्यांना ओढून आणतो. तिसरा कुठं आहे? लखन्या, तिसरा दिसतोय का?"

मी नाल्याकडे बघितलं. आधी काही नव्हतं. मग धुक्यात एक डोकं वर आलं, मग खांदे. तिसरा नाल्यातून वर येत होता, माझ्यापासून तीस पावलांवर. त्याची रायफल उघड्या जागेकडे होती.

फौजेत अशा वेळी काय म्हणायचं ते शिकवलेलं असतं. दिशा सांगायची, अंतर सांगायचं. मी तेरा वर्षं ते म्हणत आलो होतो. त्या वेळी माझ्या तोंडातून माझ्या घरातला शब्द आला. दारात कुणी आलं की आमच्या घरी म्हणतात तो.

"एक उना," मी म्हणालो.

"शाब्बास लखन्या."

तो शाब्बास ऐकला आणि मला कळलं. सेट माझ्या डाव्या हातात होता. बटण दाबून 'थांब' म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ माझ्याकडे होता. मी सेट टाकला आणि रायफल उचलली. मला वाटलं मी त्याला आधी मारीन. माझी गोळी चुकली. तेवढ्यात इंद्रसिंग मोर्चातून उठून उघड्यावर आला होता. ताठ उभा होता. आता कुणी उरलं नाही असं समजून चालणारा माणूस चालतो तसा तो हवालदारसाहेबांकडे चालत होता.

तिसऱ्यानं त्याला पोटात दोन आणि मांडीत एक अशा गोळ्या मारल्या. इंद्रसिंग गुडघ्यांवर बसला, मग कुशीवर पडला.

मी भिंतीवरून उडी मारली. रायफलमधल्या गोळ्या संपल्या की अडकल्या मला माहीत नाही, चाप ओढला आणि काही झालं नाही. तिसरा माझ्याकडे वळला तोवर मी त्याच्यापर्यंत पोचलो होतो. आम्ही दोघं नाल्याच्या काठावर पडलो. तो माझ्यापेक्षा जाड होता. त्याच्या तोंडाला कांद्याचा वास येत होता. सकाळी जेवून आला होता. त्यानं माझ्या डाव्या हाताचा अंगठा दातांत धरला आणि हाडापर्यंत चावला. माझा उजवा हात कमरेच्या बेलच्यावर गेला. मी त्याला बेलच्यानं मारलं. पहिल्यांदा कानावर बसला, मग कपाळावर. तो अंगठा सोडत नव्हता. मग मी पात्याची कड त्याच्या गळ्यावर धरली आणि अंगाचा सगळा भार टाकला. खूप वेळ लागला. त्याचे पाय बर्फावर आपटत होते. ते थांबले तरी मी मारत राहिलो. इंद्रसिंग उंदीर मारायचा तसलाच तो बेलचा होता. चेहरा राहिला नाही तेव्हा मी उठलो. अंगठा सोडवायला मला त्याचे दात बोटांनी उघडावे लागले.

इंद्रसिंगकडे गेलो. तो जिवंत होता. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि पोटावर हात दाबून धरले. आतलं गरम माझ्या हातांना लागत होतं. बंकरमधले अजून ठोकत होते. हवालदारसाहेब बेशुद्ध झाले होते.

तो वीस मिनिटं जगला. मी घड्याळ बघितलं होतं म्हणून सांगतो. पहिली दहा मिनिटं तो ओरडला. तो भिलीत ओरडत होता, आईला हाक मारत होता. त्याची आई तो लहान असतानाच वारली होती. मग आवाज कमी झाला. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मराठीत बोलला.

"मला णा ऐकू आला रे."

मी पोटावरचे हात आणखी दाबले. 

"स्वेटर," तो म्हणाला. नंतर त्याला पाणी हवं होतं. मी बर्फ ओठांवर लावला. पुढे तो बोलला नाही.

पेटी घेऊन मीच आलो. अक्कलकुव्यापासून मोलगीच्या घाटापर्यंत रस्त्यावर माणसं उभी होती. शाळांची मुलं होती. भाषणं झाली. साहेबांना वाचवायला गेला आणि शहीद झाला, असं सगळे म्हणाले. ते खोटं नव्हतं. हवालदारसाहेब वाचले, एक पाय गेला. रेवजी पेटीशेजारी उकिडवा बसला होता. त्यानं मला तेव्हा पहिल्यांदा विचारलं आणि मी पहिल्यांदा लगेच गेला म्हणालो. लाल स्वेटर मी त्याच्या सुनेच्या, रविनाच्या हातात दिला. नवसाच्या दोन होळ्या राहिल्या होत्या. त्या पुढे रेवजी स्वतः नाचला, गुडघे दुखत असताना.

प्रतिभाला मी त्याच आठवड्यात सांगितलं. ती भाकरी थापत होती. ऐकून घेतलं, तव्यावरची भाकरी जळली तरी तिनं उलटली नाही. त्या दिवसापासून तिनं एक गोष्ट केली. मी बाहेरून आलो की ती लग्नापासून "उनात का?" म्हणायची. ते तिनं बंद केलं. शाळेतल्या मराठीत "आलात का?" म्हणायला लागली. तिच्या तोंडी ते परकं वाटायचं. मी तिला कधी सांगितलं नव्हतं असं कर म्हणून. पाच वर्षं तिनं तो शब्द घरात येऊ दिला नाही.

तिला गाठ झाली. सुरतेच्या दवाखान्यात तीन महिने होतो. शेवटच्या दिवसांत तिला औषधानं गुंगी असायची. मी खालून गोळ्या घेऊन वर आलो, तिनं डोळे अर्धे उघडले आणि म्हणाली, "उनात का?" दुसऱ्या दिवशी ती गेली.

मागच्या आठवड्यात रेवजी बाजारात आला नाही. पुडी आली नाही. मी बुधवारी मोटरसायकल काढली आणि घाट चढलो. होळीला नऊ दिवस होते.

रेवजी अंगणात मोहाची फुलं पसरत होता. पाय सुजला होता म्हणून बाजारात आला नव्हता. मला बघून म्हणाला, "तू कशाला आलास एवढ्या लांब? आमचूर संपलं का?" आम्ही भिली, मराठी मिसळून बोलतो, मी इथं मराठीत लिहितो.

मी त्याच्यासमोर जमिनीवर बसलो. म्हणालो, "बाबा, इंद्रसिंग लगेच गेला नाही."

तो फुलं पसरत राहिला. मी सगळं सांगितलं. दिनेशचं, तारेचं, तिसऱ्याचं. एक उना म्हणालो ते. शाब्बास म्हणाला ते. सेट टाकून रायफल घेतली ते. वीस मिनिटं. शेवटी तो काय म्हणाला ते. रविना दारात येऊन उभी राहिली होती.

रेवजीनं बाजूला पडलेली शेळ्या हाकायची काठी उचलली आणि मला मारली. पहिली खांद्यावर. दुसरी कानावर बसली, कान फाटला. तिसरी मारायला हात वर गेला तेव्हा रविनानं काठी धरली. त्यानं ती सोडली नाही, दोघं ओढत राहिले. मी हात वर केला नाही. मला वाटत होतं अजून मारावं.

शेवटी काठी रविनाच्या हातात आली. रेवजी धापा टाकत होता.

"पाच वर्षं माझ्या हातचं आमचूर खाल्लंस."

"हो."

"तुझ्या बायकोला माहीत होतं?"

"हो. ती सांग म्हनायची."

"ती बरी होती," तो म्हणाला.  माझ्या कानातून रक्त मानेवर येत होतं. तो माझ्या अंगठ्याकडे बघत होता. "तो चावला तो हा?"

"हो."

"मेला ना तो? नक्की?"

"नक्की."

त्यानं मान हलवली. पण त्या उत्तरानं त्याला बरं वाटलं असं दिसलं नाही. मग म्हणाला, "दोन्ही म्हण."

"काय?"

"ते दोन शब्द. आला तो, आणि कमी झाला तो. म्हण."

"उना," मी म्हणालो. "उना."

"पुन्हा."

"उना. उना."

रेवजी शाळेत गेलेला नाही. त्यानं रविनाकडे बघितलं. ती इंद्रसिंगच्याच आश्रमशाळेत शिकली होती. दारातूनच ती म्हणाली, "उणा." स्वच्छ. अगदी तो म्हणायचा तसं.

मी खाली बघितलं.

रेवजी म्हणाला, "हा शब्द तुमच्यात आला कुठून? कुणी काढला?"

"इंद्रसिंगनंच काढला. उंदरांवरून."

"कसले उंदीर?"

हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं. भाषणांत उंदीर नव्हते. मी सांगायला लागलो. फोनच्या रांगेतलं, तो रस्त्यात खाली बसून कसा हसला ते. पाहुणे मोजायचं काम देत नसतील म्हणाला ते. नाड्या खाणारे उंदीर, बेलचा, सगळ्या चौकीचा नवस फिटतोय म्हणाला ते. रेवजी एकदा हसला, नाकातून, मग तोंडावर हात घेतला आणि तसाच बसला. रविना दारातून येऊन त्याच्याजवळ बसली. "पोतं टाकून झोपायचा?" तिनं विचारलं. "त्या थंडीत?" मी हो म्हणालो. "मला फोनवर म्हणाला गादी आहे."

"पुन्हा सांग," रेवजी म्हणाला. "उंदरांपासून सांग."

मी पुन्हा सांगितलं. या वेळी तो मधेच विचारत होता, किती मारले, कोण कोण हसायचं, डबे कसे बांधायचा. डबे कसे बांधायचा ते मी त्याला सुतळी घेऊन करून दाखवलं. तो म्हणाला, "ही गाठ मी शिकवली होती."

शाळेतून रिना आली. आठ वर्षांची आहे. दप्तर टाकलं, माझ्या कानाकडे बघितलं, आजाच्या तोंडाकडे बघितलं. रविनानं तिला एवढंच सांगितलं की काकांना ण म्हणता येत नाही.

"का?" तिनं विचारलं.

"लहानपनापासून नाही येत," मी म्हणालो.

ती माझ्यासमोर येऊन बसली, गुडघ्याला गुडघा लावून. तोंड उघडून मला जीभ दाखवली, टोक वर वळवलेलं. "असं वर लावा. दातांना नाही लावायचं. वर. आता म्हणा, बाण."

"बान," मी म्हणालो.

"नाही. वर."

रेवजी फुलांत हात घालून बघत होता. कानातलं रक्त कॉलरपर्यंत आलं होतं, ते मी पुसलं नाही. मी जीभ वर लावली.